वाऱ्याची पिशवी

"विमानाला कोणी आंघोळ घालतं का?" असं आरमोरीच्या बाजारात कोणी हसून विचारलं, की गुणवंतराव म्हणत, "तुमी पोळ्याले बैल धुता का नाई? मंग!" आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गाडी काढून पुन्हा कोसमटोल्याच्या लांबच्या वाटेला लागत.

कोसमटोला म्हणजे मुलचेऱ्याच्या अलीकडचं जंगलातलं गाव. गावाच्या कडेला एक जुनी धावपट्टी होती. कधीकाळी कुठल्याशा कंपनीनं आपल्या साहेबांसाठी बांधलेली. कंपनी गेली, साहेब गेले, पट्टी राहिली. एका टोकाला डांबर उखडून गवत माजलेलं, पण बाकीची अजून खणखणीत. परवानग्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून गुणवंतरावांनी ती वापरायला मिळवली, कडेला टिनाची शेड घातली आणि शेडमध्ये आपलं विमान आणून ठेवलं. दोनच माणसांचं. पंख डोक्यावर छत्रीसारखे, नाकाला एक पंखा, पोटाखाली तीन चाकं. मध्य प्रदेशातल्या एका विमान शिकवणाऱ्या क्लबकडून उतरत्या वयात घेतलेलं. वय विमानाचं उतरतं, आणि खरं पाहता गुणवंतरावांचंही. कोसमटोल्याच्या बायांनी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, भिंगरी. तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

भिंगरीचं दुखणंखुपणं गुणवंतरावांना पाठ होतं. नागपूरचा इंजिनिअर ठरल्या वेळी येई, उघडून बघे, सही करून जाई. पण मधल्या दिवसांत तिची नाडी यांच्याच हातात. पंखाखाली वारा मोजायची एक बारीक नळी असते. तिच्यात कुंभारमाशीनं चिखल भरला की वर गेलेल्याला आपला वेग कळत नाही. म्हणून नळीला टोपी घालायची, उडायच्या आधी ती काढायची, आणि फुंकर न मारता नुसता डोळा लावून बघायचं. इंजिनाच्या झाकणाखाली साळुंकी काड्या आणून ठेवते. त्या रोज काढायच्या, ती रोज आणते. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं, उजेडात धरायचं, खाली पाण्याचा थेंब बसला असेल तर ओतून पुन्हा घ्यायचं. आणि इंजिन सुरू झालं की डोळे मिटून ऐकायचं. धानगिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकत मोठा झालेला माणूस तो. इंजिनाची शिंक कुठली आणि खोकला कुठला, हे त्याला झोपेतही कळलं असतं.

सगळं करायचे गुणवंतराव. फक्त उडवायचे नाहीत.

उडवायची रंजीता, त्यांची बायको.

लहानपणी बोरं वेचायला गेलं की गुणवंताच्या झोळीत कच्चीच बोरं जास्त निघत. आई म्हणे, पोरगं धांदरट हाय. पुढे गिरणीवर तांदळात तांबडा दाणा आला तर तो हमालांना दिसे, मालकाला नाही. हमालांना वाटे, मालक मोठ्या मनाचे. पन्नाशी ओलांडेपर्यंत कोणी काही बोललं नाही, आणि त्यांचं त्यांना कसं कळावं? ज्यानं जन्मभर पळस मातकटच पाहिला, त्याला पळस तसाच वाटणार.

कळलं ते वैमानिकाच्या डॉक्टरी तपासणीत. रंजीता सोबतीला म्हणून क्लबवर गेली होती. बाहेरचं जेवण यांना सोसत नाही म्हणून. "तुमी शिकून राह्यलेच तर मीही शिकतो म्हणते. बसून बसून का माशा मारू?" असं हसत हसत तिनंही नाव घातलेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, यात कोणता आकडा दिसतो?

"ठिपके हायत," गुणवंतराव म्हणाले.

"आणि यात?"

"ठिपकेच."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या रंजीताला तो आकडा तिथून दिसत होता. तिच्या ओठांवर आलाही होता. पानं उलटत गेली. गुणवंतरावांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि बायकोच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, की तिथं खरंच काहीतरी लिहिलेलं आहे. सगळ्या जगाला दिसतं असं काहीतरी, जे त्यांच्यापासून कोणीतरी लपवून ठेवलंय. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "लाल-हिरवा वेगळा दिसत नसेल, तर परवाना मिळत नाही. ताई, तुम्ही या."

मत्सराचं बी पडलं ते त्या खोलीत. पण बी पडलं त्या दिवशी कोणाला दिसतं? गुणवंतराव दिलदारपणे म्हणाले होते, "विमान घेतलंच हाय तर उडव तू. मालक मी, डायवर तू!" सगळे हसले. तेही हसले. त्यांना वाटलं होतं, ही घाबरेल, कंटाळेल, सोडून देईल. पण रंजीता जिवतीच्या डोंगरातली. डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन कड्याच्या वाटेनं उतरलेल्या पायांना उंचीचं काय भय? ती शिकली, परीक्षा पास झाली आणि एका सकाळी एकटी वर गेली. खाली उभ्या गुणवंतरावांनी टाळ्या वाजवल्या, आणि घरी आल्यावर जेवले नाहीत.

मग बी रुजलं. आरमोरीत आजवर ते गिरणीवाले गुणवंतराव होते, आता विमानवाल्या बाईचे मालक झाले. पेपरात फोटो आला. त्यात भिंगरीच्या पंखाखालच्या दांड्याला टेकून रंजीता उभी, आणि पंख पुसणारा हात तेवढा कडेला आलेला, मनगटापर्यंत. लग्नाकार्यात बाया रंजीताभोवती गोळा होत, "वो बाई, वरून आपली नदी कशी दिसते वो?" आणि यांना कोणी विचारलं तर एवढंच, "भाऊ, बाई नाई आल्या का?" ते पानाचा विडा तोंडात कोंबत आणि चुना जास्त झाल्यासारखं तोंड करत.

घरी आले की खोड काढत. "आज उतरताना लय आपटली."

"हो जी, जराशी आपटली."

"वळताना पंख लय खाली गेला."

"पुढच्या टायमाले पाहीन."

ती सगळं ऐकून घेई. भांडली असती तर बरं झालं असतं. क्लबात तिला शिकवलेलं होतं, की उडायच्या आधी वैमानिकानं सगळं स्वतःच्या हातानं तपासायचं. नवरा असो की बाप, दुसऱ्याच्या शब्दावर वर जायचं नाही. पण ती शेडपाशी येई, विचारी, "तुमी पाह्यलं ना?" ते मान हलवत. "मंग मी का पाहू?" म्हणून ती सरळ चढून बसे. आपला जीव असा रोज त्यांच्या ओंजळीत घालून जाई ती. गुणवंतरावांना मात्र ती ओंजळ भिकेची वाटे.

आणि बाजूच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. रंजीतानं किती वेळा म्हटलं. ते म्हणत, "मालक कवा किन्नर-साइडले बसते का?" किन्नर म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, डायवरच्या बाजूला बसणारा.

*

होळी झाली, मोह पडायला लागला.

मोहफुलाच्या दिवसांत कोसमटोला पहाटेच जंगलात असतो. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला. रात्रभर टपटप पडलेली फुलं टोपल्यांत येतात, दह्याच्या कवडीसारखी, रसानं फुगलेली. ती वाळवायला कडक, तापलेली जागा लागते. आणि पट्टीच्या डांबराइतकी तापलेली जागा पंचक्रोशीत दुसरी कुठली?

पहिल्या वर्षी यावरून खटका उडाला होता. मग पट्टीचा राखणदार पोचू आणि त्याची बायको सुकरी यांनीच त्यातून वाट काढली. पट्टीच्या कडेला एका खांबावर कापडी पिशवी फडफडायची, दोन्ही तोंडं उघडी, वारा कुठून येतो ते वैमानिकाला सांगणारी. ती रंजीतानं स्वतः शिवलेली. उन्हानं कापड कुजतं म्हणून उडायच्या दिवशीच वर चढवत आणि काम झालं की उतरवत. सुकरी म्हणाली, "ठरलं तर मंग. पिशवी वर, तर फूल नाई. पिशवी खाली, तर पट्टी आमची." तेव्हापासून तोच कायदा. पिशवी चढवायची-उतरवायची गुणवंतरावांनी. त्यांच्या हातात उरलेलं हे एकच राज्य होतं, एका दोरीचं.

त्या सकाळी रंजीता नेहमीची सुती साडी सोडून पंजाबी घालून आली, केस घट्ट बांधले. चेहरा माहेरी निघालेल्या पोरीचा.

"अवो, आज तरी चला ना. जिवतीवरून एक चक्कर मारू. माय अंगणात लुगडं पसरून ठेवतो म्हणली, वरून घर ओळखाले यावं म्हणून."

नीलाबाई, तिची म्हातारी आई, डोंगरातल्या कोरडवाहू तुकड्यावर एकटी राहायची. गुडघे तिला जागचं हलू देत नसत. ती येऊ शकत नाही, तर लेकच आभाळातून जाऊन येणार होती.

"मले गिरणीचं काम हाय," गुणवंतराव म्हणाले.

"गिरणी आरमोरीले, तुमी इथी. इथून कोणतं काम करून राह्यले?"

"तू जाय. किन्नरले घेऊन का करशीन?"

ती हसली नाही. तिनं विचारलं, "सगळं पाह्यलं ना तुमी?"

"पाह्यलं."

ती चढली. दार ओढता ओढता गुणगुणत होती, जात्यावर बसल्यासारखी, तिचं तीच जुळवत:

"डोंगराच्या मागं गं, माय माझी वाट पाहे,
वाऱ्याच्या पाठीवरी, लेक तिची येत आहे."

इंजिन सुरू झालं. गुणवंतरावांनी डोळे मिटून ऐकलं. शिंक नाही, खोकला नाही. भिंगरी पट्टीवरून धावली, पुढचं चाक उचललं, आणि खाली उभ्या गुणवंतरावांच्याही टाचा नकळत उचलल्या गेल्या. दरवेळी तसंच होई. ती वर जाई, आणि ते पुन्हा टाचांवर येत.

खिशातला छोटा रेडिओ खरखरला. इथं फोनला कधी रेंज नसे, पण रेडिओ बोले. "दिसून राह्यली का मी तुमाले?"

"दिसून राह्यली."

"अवो, खाली पळस! गोंडपिपरीच्या अंगानं पुरं जंगल पेटल्यासारखं लाल दिसते, निस्ता आगडोंब! तुमी असते तर..."

आणि ती थांबली.

त्या थांबण्यानं गुणवंतरावांच्या छातीत काटा मोडला. तिला आठवलं होतं. तुमी असते तरी तुमाले कुठी दिसलं असतं, हे ती बोलली नाही, आणि न बोललेलं त्यांना लख्ख ऐकू आलं. तिच्याकडे आभाळ होतं, माहेर होतं, आणि एक रंगसुद्धा होता, जो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. यांच्याकडे बादली आणि फडका.

पट्टीच्या कडेला झाडाखाली बाया टोपल्या घेऊन ताटकळत होत्या. सुकरी पुढे आली.

"भाऊ, बाई गेली का?"

"गेली."

"कवा येते? फूल टोपल्यात गरम होऊन राह्यलं. आंबून जाईन."

गुणवंतरावांनी खांबाकडे पाहिलं. पिशवी फुगून डोलत होती, तिनं शिवलेली, तिच्याच नावानं. त्यांच्या मनात आलं ते असं: येऊ दे तिला. येऊ दे आणि पाहू दे पट्टी बंद. फिरू दे घारीसारखी वरच्या वर आणि म्हणू दे, अवो, जागा करून द्या. एकदा तरी म्हणू दे. बाया काय, हाक मारली की फुलं गोळा करतील. तेवढा वेळ बाईसाहेब थांबतील. जमिनीलाही कोणी मालक आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ.

त्यांनी दोरी सोडली. पिशवी सरसरत खाली आली. त्यांनी तिची नीट घडी केली आणि खांबाच्या बुडाशी दगडाखाली ठेवली.

"पसरवा," ते म्हणाले.

सुकरी हलली नाही. "पण भाऊ, बाई येईन ना?"

"माहेरच्या वाटेले गेलेली बाई कवा लवकर येते का वो?"

झाडाखाली हशा पिकला. "हे मातर खरं हाय बावा!" इसरूची बायको ललिता म्हणाली आणि टोपलं डोक्यावर घेऊन पहिली निघाली. बघता बघता पट्टीवर फुलांचे वाफे पडले. प्रत्येक घराचा वाफा वेगळा, कडेला दगड ठेवून आखलेला. गोड, जडसर वास उठला. मग बाया उरलेली फुलं वेचायला परत जंगलात गेल्या. पोचू मुलचेऱ्याच्या बाजाराला गेलेला. गुरं येऊ नयेत म्हणून सुकरी एकटी थांबली.

गुणवंतराव शेडच्या सावलीत बसले. आज कित्येक दिवसांनी त्यांना सावली गोड लागली.

*

वारा आधी पडला. झाडांची पानं लटकली. मग पश्चिमेकडून एक थंड झोत आला आणि त्याच्या मागोमाग रेडिओ.

"अवो, ऐकून राह्यले का? मी परत येऊन राह्यली."

गुणवंतराव ताडकन उठले. "काऊन?"

"राजुऱ्याच्या पुढं काळंकिट्ट झालं. डोंगर दिसतच नाई. चंद्रपूरच्या अंगालेही तसंच. मायचं घर नाई पाह्यलं जी." आवाज जरा ओला झाला, मग सावरला. "वारा ढकलून राह्यला. पोचतोच मी आता."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. जिकडेतिकडे ओलं, रसाळ फूल. चाकाखाली आलं तर साबणच.

"सुकरीबाई! उचला! फूल उचला! बाई येऊन राह्यली!"

सुकरीनं धावत जाऊन आपला वाफा गोळा केला, भराभरा, ओच्यात, टोपल्यात. आणि मग उभी राहिली.

"थांबल्या काऊन? ते उचला ना!"

"ते इसरूच्या घरचं हाय."

"असू द्या! उचला!"

"भाऊ, दुसऱ्याच्या फुलाले हात नाई लावत आमी. झाड ज्याचं, फूल त्याचं. जंगलात फूल सांडलं राह्यलं तरी नाई उचलत. ज्याचं त्यानंच उचलाचं."

"अवो, तिचा जीव हाय वर!"

सुकरीचा चेहरा कसानुसा झाला. पण हात पुढे आला नाही. "मी बायाईले बोलावून आणतो," ती म्हणाली आणि ओरडत जंगलाकडे धावली. तिची हाक वाऱ्यानं उलट्या अंगाला नेली.

गुणवंतरावांनी शेडमधला खराटा उचलला आणि झाडायला लागले. ललिताचं फूल, पलीकडचं फूल, कोणाचं ते न बघता, दगडांच्या ओळी लाथेनं उडवत, सगळं कडेला लोटत. खराटा फुलांना चिकटे. धोतराचा सोगा सुटला, चष्मा घामानं घसरला. निम्मी पट्टी मोकळी झाली असेल नसेल, तोच डोक्यावर आवाज आला. त्यांच्या ओळखीचा, रोज ऐकलेला, पण आज झोतांनी वरखाली होणारा.

"अवो, पिशवी काऊन नाई दिसत? आणि पट्टीवर काय हाय ते?"

"फूल हाय. थांब जराशी. फिरत राह्य."

ती फिरू लागली. घारीसारखी. अगदी त्यांनी मनात रंगवलं होतं तशी. वर ती, खाली ते, आणि ती त्यांना विचारते आहे, जागा कधी करून देता. सकाळी ज्याची इतकी गोडी वाटली होती ते पुढ्यात आलं होतं. ते झाडत राहिले. दात आवळून, धापा टाकत.

"मले लय थांबता नाई येत आता. हवा आपटून राह्यली. वारा कुठून हाय, तेवढं सांगा."

त्यांनी खांबाकडे पाहिलं. खांब नागडा. पिशवी चढवायला वेळ नव्हता, आणि वारा घडीघडी फिरत होता. त्यांनी कडेचा वाळका पाचोळा मूठभर उचलून वर उधळला. पानं त्यांच्या तोंडावरून उखडल्या टोकाकडे गेली. पुन्हा उधळला. पुन्हा तिकडेच.

"गावाकडून हाय वारा. तू उखडल्या अंगानं ये. खड्डे टाकून पुढं उतर, तिथून मोकळी हाय. शेवटाले फूल हाय, तिथवर नको येऊ."

रेडिओ खरखरला. मग ती म्हणाली,

"पक्कं?"

इतक्या दिवसांत हा शब्द तिनं त्यांना कधी विचारला नव्हता.

"पक्कं," ते म्हणाले.

"बरं."

भिंगरी वळली, खाली आली, एक पंख वाऱ्यानं उचलला, तिनं तो दाबून धरला. खड्डे ओलांडून चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. ती ब्रेक दाबत होती, पण मोकळी पट्टी संपली आणि एक चाक फुलांत शिरलं. विमान तोंड फिरवून आडवं घसरलं, डांबरावरून उतरलं आणि गवतात जाऊन थांबलं. पंखा दोन गिरक्या घेऊन निजला.

गुणवंतराव खराटा घेऊन तिथंच खाली बसले.

दार उघडून रंजीता उतरली. पंखाखालचा दांडा धरून उभी राहिली. यांच्या मनात वाक्य तयार होतं. दोरी तुटली, पिशवी खाली आली, बायांना वाटलं. तोंड उघडणार, तेवढ्यात जंगलातून बाया आल्या. सुकरी पुढे, ललिता मागे, मग बाकीच्या.

"अगं माय, माहं फूल!" ललिता कपाळाला हात लावून उभी राहिली. "सगळ्याईचं एकमेकात केलं! कोणं केलं हे?"

सुकरीनं सरळ सांगून टाकलं. तिच्या बोलण्यात ना राग, ना चहाडी. "भाऊनं पिशवी उतरवली. आमाले पसरवा म्हणलं. मंग बाई आली तवा भाऊनंच झाडलं."

रंजीतानं खांबाकडे पाहिलं. दोरी धड होती. खाली दगडाखाली पिशवी, धोब्यानं करावी तशी घडी केलेली. ती चालत खांबापाशी गेली, घडी उचलली, हातात धरून परत आली.

"मी तुमाले खुपते, हे मले ठाऊक होतं," ती हळू आवाजात म्हणाली. बायांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "रोज खुपते. जेवताना खुपते. म्हणलं खुपू द्या, माणूस हाय. पण मी वर असताना जी?"

"मले वाटलं, तू उशिरा येशीन."

"हे खरं सांगून राह्यले का?"

ते खरंही होतं, आणि खोटंही.

ललिताला नवराबायकोच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं रिकामं टोपलं त्यांच्यापुढे आदळलं. "भाऊ, आता तुमीच वेचा. ज्याचं त्याले द्या. पाणी येऊन राह्यलं."

"कसं ओळखू वो? सगळं सारखंच हाय."

"सारखं कुठी हाय? आमचं मोठ्या दाण्याचं. हे पाहा, सुकरीचं बारीक, देठाशी लालसर. तुमाले एवढंही नाई दिसत?"

ते खाली वाकले. मोठा दाणा तेवढा कळत होता. बाया गोल करून बसल्या, त्यांना मध्ये घेतलं, आणि एकेक फूल उचलून ते विचारू लागले, "हे?" आणि कोणीतरी हसत, कोणीतरी वैतागत सांगू लागली, "हे सुकरीचं. आन् ते माहं. अवो, ते नाई, ते!"

तोवर बाकीच्या दोघीतिघींनी रेटा लावून भिंगरीला शेडपर्यंत ढकलत नेलं होतं. रंजीतानं कोपऱ्यातल्या दोऱ्या काढल्या. वादळ येणार असलं की पंख जमिनीतल्या कड्यांना बांधून ठेवायचे असतात, शेडच्या आतसुद्धा. टिनाचा काय भरवसा? हे काम तिनं आजवर कधी केलं नव्हतं. गुणवंतराव फुलं हातात धरून तिकडे पाहत होते. तिचा हात पंखाखालून फिरला, चाकावर थांबला, नाकावरून गेला. भिंगरीच्या अंगावर आजवर एकाच माणसाचा हात असा फिरला होता. आभाळ तिचं होतंच. आता हेही. त्यांच्या जिवाची पुन्हा आग झाली, एवढं सगळं होऊनसुद्धा, आणि त्या आगीची त्यांना स्वतःलाच शिसारी आली.

तिनं डाव्या पंखाची गाठ मारली. साडीची निरी खोचावी तशी घाईनं मारली. गाठ सैल होती, हे त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं. वाऱ्याचा एक हिसका, की सुटली असती.

त्यांनी हातातलं फूल टोपल्यात टाकलं, दुसरं उचललं. मग बोलले.

"डावी गाठ सैल हाय."

रंजीतानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना तो झेलता आला असता. ती नुसती तोलत होती, बाजारात अनोळखी दुकानदाराचा काटा तोलून बघावा तशी. मग तिनं दोरीला स्वतः हिसका देऊन पाहिला. गाठ सरकली. तिनं ती सोडून नव्यानं बांधली. उजवी गाठ घट्ट होती. तिच्याबद्दल ते काही म्हणाले नव्हते. तिलाही तिनं हिसका दिला. मग शेपटीच्या गाठीला. मग चाकांपुढच्या दगडांना पायानं दाबून पाहिलं, मान वर करून नळीला डोळा लावला, तिला टोपी घातली, आणि टोपी नीट बसली का ते पुन्हा एकदा चाचपलं.

टिनावर पहिले थेंब वाजले. गुणवंतराव अजून तिच्याकडेच पाहत होते.

"भाऊ," सुकरी त्यांच्या हातातलं फूल काढून घेत म्हणाली, "तिकडं का पाहता? इकडं पाहा. हे कोणाचं?"